गुडघ्याच्या चित्रातला लाल डाग

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि. माझे वय ३६ असून मी सांगली जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आजही तालुका पातळीवर कबड्डी खेळतो. वर्षभरापासून डावा गुडघा आतल्या बाजूने दुखतो आणि खेळून आलो की सुजतो. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर, आतल्या बाजूला, सुमारे २ चौरस सेंटिमीटर जागेतली कूर्चा (हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर) पूर्ण निघून गेल्याचे आणि तिच्याखालच्या हाडाला सूज असल्याचे दिसले. एका डॉक्टरांनी मोझेकप्लास्टी सुचवली आहे. त्यात गुडघ्याच्या कडेच्या भागातून हाडासह कूर्चेचे ८ मिलिमीटर व्यासाचे तीन दंडगोल काढून खराब जागेत बसवणार आहेत. दुसऱ्या डॉक्टरांच्या मते मायक्रोफ्रॅक्चर पुरेसे आहे. माझा भाचा एम. टेक. करतो. त्याने माझ्या सीटी स्कॅनवरून संगणकावर गुडघ्याचे मॉडेल केले, तीन भोके पाडली आणि माझे ७२ किलो वजन त्यावर दिले. भोकांभोवती लालभडक डाग आले आणि हाडाचा सुरक्षा गुणांक (दिलेल्या भाराच्या किती पट भार हाड सोसेल, तो आकडा) १.३ निघाला. ते चित्र पाहून घरचे घाबरले आहेत. ‘हाडच कमकुवत होणार असेल तर ऑपरेशन नको,’ असे आई म्हणते. या मॉडेलवर किती विसंबावे? डॉक्टरांना ते दाखवावे का?

उत्तर

सप्रेम नमस्कार. आपल्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी थेट देतो. हे चित्र पाहून शस्त्रक्रिया रद्द करू नये, आणि उद्या हेच चित्र हिरवे आले म्हणून ती करूही नये. डॉक्टरांना ते जरूर दाखवावे, पण आज आहे त्या स्वरूपात नव्हे. खाली सांगितलेल्या दुरुस्त्या भाच्याकडून करून घेतल्यानंतर दाखवावे. मी शल्यविशारद नाही. हाडांवर येणाऱ्या भाराचे गणित मांडणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे कोणती शस्त्रक्रिया करावी याचा अंतिम निर्णय मी देणार नाही. मात्र त्या चित्रात काय आहे आणि काय नाही, हे सांगणे माझ्या अधिकारात बसते.

भाच्याने प्रश्न योग्य जागी विचारला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कूर्चेच्या शस्त्रक्रियेत रुग्णाचे, आणि पुष्कळदा डॉक्टरांचेही, सगळे लक्ष वरच्या गुळगुळीत थराकडे असते. गुडघ्यातली कूर्चा बहुतेक ठिकाणी जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाडीची असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. म्हणून ती फाटली तर आपोआप भरून येत नाही. लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच हे निरीक्षण नोंदवले होते आणि ते आजही बदललेले नाही. कूर्चेला स्वतःचे दुखणे कळत नाही. दुखते ते तिच्याखालचे हाड आणि सांध्याचे अस्तर. फरशी कितीही भारी आणली तरी खालचा मुरूम नीट चोपलेला नसेल तर ती हलते आणि शेवटी तडकते; कूर्चा आणि तिच्याखालची हाडाची पातळ पाटी यांचे नाते तसेच आहे. आपल्या एमआरआयमध्ये हाडाला सूज दिसली आहे, म्हणजे आपल्या बाबतीत हा मुरूम आधीच त्रासलेला आहे. त्यामुळे हाडाच्या बळाचा विचार आपल्या प्रकरणात मध्यवर्ती ठरतो.

सुचवलेल्या दोन्ही शस्त्रक्रिया याच हाडाला हात घालतात, पण वेगवेगळ्या रीतीने. मायक्रोफ्रॅक्चर ही पद्धत अमेरिकेतील रिचर्ड स्टेडमन यांनी रूढ केली. तीत दुर्बिणीतून टोकदार आरीने हाडाच्या पाटीला ३ ते ४ मिलिमीटर अंतराने बारीक छिद्रे पाडतात. मज्जेतले रक्त वर येते, त्याची गुठळी धरते आणि तिच्यातून एक तंतुमय कूर्चा तयार होते, जी मूळ कूर्चेइतकी दमदार नसते. छिद्रांमध्ये अंतर ठेवण्याचे कारणही यांत्रिकच आहे: ती एकमेकांना मिळाली तर मधले हाड ढासळते. मोझेकप्लास्टी बुडापेस्टचे लास्लो हांगोदी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांवर करण्यास आरंभ केला. तीत कूर्चा आणि खालचे हाड असा अखंड दंडगोल उचलून दुसऱ्या जागी घट्ट दाबून बसवला जातो. पहिल्या पद्धतीत हाड जागेवर राहून जखमी होते. दुसरीत हाडाचा काही भाग काढून त्या जागी दुसरे हाड येते.

आता मॉडेलकडे वळू. भाच्याने वापरलेली पद्धत फायनाइट एलिमेंट या नावाने ओळखली जाते. हाडाचा आकार हजारो किंवा लाखो बारीक तुकड्यांच्या जाळीत मोडायचा, प्रत्येक तुकड्याला त्याचा ताठपणा द्यायचा आणि मग वरून भार दिल्यावर प्रत्येक तुकडा किती दबतो हे समीकरणांनी काढायचे, असा तिचा गाभा आहे. विमाने आणि पूल यांच्यासाठी वाढलेली ही पद्धत १९७२ मध्ये नेदरलँड्समधील ब्रेकेलमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडाला लावली. गणिताच्या बाबतीत ती पन्नास वर्षांत पक्की झाली आहे. अडचण गणितात नसते, त्यात भरलेल्या आकड्यांत असते. आपल्या मॉडेलमध्ये असे आकडे मला तीन ठिकाणी दिसतात.

पहिला आकडा हाडाच्या बळाचा. सीटी स्कॅन हाडाचे बळ मोजत नाही. क्ष-किरण कुठे किती अडले, एवढेच तो सांगतो. त्यावरून घनता आणि घनतेवरून बळ, असा दोन पायऱ्यांचा प्रवास करावा लागतो. कार्टर आणि हेझ या संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की हाडाचे बळ घनतेच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात आणि ताठपणा घनाच्या प्रमाणात बदलतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की घनतेत १० टक्के चूक झाली, तर बळात सुमारे २१ टक्के आणि ताठपणात सुमारे ३३ टक्के चूक होते. नंतरच्या संशोधकांनी वेगवेगळी सूत्रे दिली आहेत आणि एकाच स्कॅनवर दोन सूत्रे लावली तर दोन निरनिराळी हाडे मिळतात. स्कॅनच्या वेळी रुग्णासोबत ज्ञात घनतेचा मापक ठोकळा ठेवला असेल, तर पहिली पायरी बरीच भक्कम होते. नेहमीच्या दवाखान्यातील स्कॅनमध्ये तो बहुधा नसतो. शिवाय हाडाच्या जाळीदार भागातील एकेक काडी ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीची असते आणि नेहमीचा सीटी तिला स्वतंत्रपणे पाहूच शकत नाही. भाच्याला एवढेच विचारा, की बळाचे आकडे माझ्या स्कॅनमधून आले की सॉफ्टवेअरच्या यादीतून ‘हाड’ हा पर्याय निवडून घेतले. दुसरे उत्तर आले तर ते हाड आपले नव्हे. त्याला फक्त आपल्या गुडघ्याचा आकार दिला आहे.

दुसरा आकडा भाराचा, आणि माझ्या मते आपल्या अहवालातील सर्वांत मोठी गफलत इथे आहे. ७२ किलो वजन म्हणजे सुमारे ७०६ न्यूटन (न्यूटन हे बलाचे एकक), तेवढाच भार भाच्याने गुडघ्यावर दिला. गुडघ्यावर फक्त शरीराचे वजन येत नाही. सांधा स्थिर ठेवण्यासाठी स्नायू जे ओढतात, त्याचाही दाब त्याच्यावर येतो. बर्लिनमधील संशोधकांनी पाच रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यात बलमापक बसवून दैनंदिन हालचालींचा भार प्रत्यक्ष मोजला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या सरासरीनुसार दोन पायांवर नुसते उभे राहिले तरी एका गुडघ्यावर शरीराच्या वजनाएवढा भार येतो, सपाट जमिनीवर चालताना तो सुमारे २.६ पट होतो आणि जिना उतरताना सुमारे ३.५ पट. आपल्या वजनाला हे लावले तर चालताना सुमारे १,८४० न्यूटन आणि जिना उतरताना सुमारे २,४४० न्यूटन होतात. म्हणजे भाच्याच्या मॉडेलमधले आपण फक्त उभे आहात.

हाच हिशेब पुढे नेला की अहवालाचे खरे स्वरूप उघड होते. ७०६ न्यूटनला सुरक्षा गुणांक १.३ याचा अर्थ, सुमारे ९२० न्यूटनला हाड हार मानेल. ते खरे मानले तर शस्त्रक्रियेनंतर, जखम पूर्ण भरलेली असतानाही, आपण खोलीच्या दारापर्यंत चालत गेलात तरी हाड मोडायला हवे. ही शस्त्रक्रिया झालेले असंख्य लोक चालतात, जिने चढतात-उतरतात, काही जण मैदानावरही परततात. तेव्हा एक तर मॉडेलमधले हाड प्रत्यक्षापेक्षा दुबळे धरले गेले आहे, किंवा १.३ हा आकडा हाडाच्या एखाद्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवरून उचलला आहे. यातले काय झाले आहे, हे तपासण्याचा सोपा मार्ग भाच्याच्या हातात आहे. भोके न पाडलेल्या गुडघ्यावर, तीच जाळी, तेच आकडे आणि तोच भार ठेवून मॉडेल पुन्हा चालवावे. त्या अखंड गुडघ्याचाही गुणांक दीड-पावणेदोनच्या आसपास आला, तर आईंना निःशंकपणे सांगा, की हे मॉडेल धडधाकट गुडघ्यालाही आजारी ठरवते. माझ्याकडे अशी चित्रे आली की अखंड गुडघ्याचे चित्र सोबत आहे का, हे मी प्रथम पाहतो. ते सोबत नसते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

लाल रंगाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण घरात भीती पसरली ती त्यानेच. या सॉफ्टवेअरमध्ये रंगांची पट्टी आपोआप ठरते. चित्रात जो सर्वांत मोठा ताण असेल त्याला लाल आणि सर्वांत लहानाला निळा रंग दिला जातो. त्यामुळे कोणत्याही मॉडेलमध्ये, मग ते पोलादी खांबाचे का असेना, कुठेतरी लाल दिसणारच. चित्राच्या कडेला असलेल्या पट्टीवर लाल रंगासमोर कोणता आकडा छापला आहे आणि हाडाची सहनशक्ती किती धरली आहे, हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय त्या रंगाला काही अर्थ नाही. दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे. भोकाच्या काठावर, जिथे भिंत आणि पृष्ठभाग काटकोनात मिळतात, तिथे गणितातला ताण जाळी बारीक करत जाल तसा वाढतच जातो आणि कुठेही थांबत नाही. हा त्या तीक्ष्ण कोपऱ्याचा दोष आहे, हाडाचा नव्हे. भाच्याला सांगा, की त्या भागात जाळीचा तुकडा १ मिलिमीटरचा असेल तर तो अर्ध्या मिलिमीटरचा करून पाहा आणि मग पाव मिलिमीटरचा. दर वेळी आकडा चढत गेला तर तो टाकून द्यावा आणि त्याऐवजी काठापासून थोड्या अंतरावरील हाडाचा, ठरावीक आकारमानाचा सरासरी ताण घ्यावा. हाडातली एखादी काडी वाकली म्हणून सगळे हाड बसत नाही, तेव्हा सरासरी हीच प्रत्यक्षाला अधिक जवळची आहे.

तिसरा आकडा खरे तर आकडा नाही, गृहीतक आहे. आपल्या पत्रानुसार मॉडेलमध्ये तीन भोके पाडली आणि वजन दिले. भोकांत दंडगोल बसवले होते की ती रिकामीच होती, हे पत्रावरून कळत नाही. रिकामी असतील तर ते चित्र कोणत्याच रुग्णाचे नाही, कारण तीन रिकाम्या भोकांसह कोणी चालत नाही. हांगोदी यांच्या पद्धतीत तर एक भोक पाडले की त्यात दंडगोल बसवायचा आणि मगच पुढचे पाडायचे, असा क्रम आहे; त्यामुळे मधल्या भिंतींना दर टप्प्यावर आधार मिळतो. दंडगोल बसवले असतील, तर ते भोवतालच्या हाडाला चिकटलेले धरले का, हे विचारावे. पूर्ण चिकटलेले धरणे म्हणजे काही महिन्यांनंतरची, हाडे एकजीव झाल्यावरची स्थिती धरणे. पहिल्या दिवशी दंडगोल केवळ घट्टपणावर आणि घर्षणावर उभा असतो. डुकरांच्या हाडांवर प्रयोगशाळेत झालेल्या प्रयोगात असे दिसले, की बसवलेल्या दंडगोलाची भार सोसण्याची क्षमता पहिल्या आठवड्यात वाढत नाही, उलट घटते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे कुबड्या घेऊन पायावर भार टाकू नका, असे डॉक्टर बजावतात, त्यामागे हे कारण आहे. हाडाचे बळ ही स्थिर गोष्ट नाही. काढलेले हाड आधी मऊ पडते, मग भाराला प्रतिसाद देत नव्याने घडते, आणि भाच्याचे चित्र या प्रवासातला एकच क्षण दाखवते. तो क्षण कोणता आहे, हे अहवालावर लिहिलेले असले पाहिजे.

इतके दोष सांगितल्यावर मॉडेल कचऱ्यात टाकावे असे आपल्याला वाटेल. माझे मत तसे नाही. आकार आणि तुलना या दोन बाबतीत ते आजही आपल्या उपयोगाचे आहे. आकाराचे एक उदाहरण देतो, ज्याला हाडाच्या बळाचा एकही आकडा लागत नाही. मांडीच्या हाडाचे ते टोक बाहेरून गोलाकार असते आणि दंडगोल पृष्ठभागाला काटकोनात बसवावा असा दंडक आहे. गोल पृष्ठभागावर काटकोनात पाडलेली शेजारशेजारची भोके खोल जाताना एकमेकांकडे सरकतात. समजा, त्या जागी वक्रतेची त्रिज्या ३० मिलिमीटर आहे, ८ मिलिमीटरच्या दोन भोकांमध्ये वर १ मिलिमीटरची भिंत ठेवली आहे, म्हणजे दोन केंद्रांत ९ मिलिमीटर अंतर आहे. १५ मिलिमीटर खोलीवर त्रिज्या निम्मी उरते आणि केंद्रांतले अंतर साडेचार मिलिमीटरवर येते. ८ मिलिमीटर व्यासाची भोके साडेचार मिलिमीटर अंतरावर राहूच शकत नाहीत. ती वाटेतच एकमेकांत शिरली. अनुभवी शल्यविशारदाला हे ठाऊक असते आणि तो दंडगोलांची लांबी, दिशा किंवा मांडणी बदलून मार्ग काढतो. दंडगोलाची लांबी व्यासाच्या किमान दुप्पट असावी, हाही संकेत त्याला सांभाळायचा असतो. आपल्या गुडघ्याच्या प्रत्यक्ष वक्रतेवर ही तीन भोके किती खोलीवर मिळतात, हे भाचा अर्ध्या तासात मोजू शकेल. डॉक्टरांपुढे ठेवण्याजोगी माहिती ती ही. लाल डागापेक्षा ती कितीतरी मोलाची आहे.

तुलनेचेही तसेच आहे. हाड २० टक्के दुबळे धरले गेले, तरी ते दोन्ही मांडण्यांत सारखेच दुबळे असते. म्हणून ‘तीन मोठे दंडगोल की पाच लहान’, ‘दंडगोल पृष्ठभागाशी समतल की अर्धा मिलिमीटर वर’ अशा प्रश्नांवर मॉडेलचा कौल त्याच्या एकट्या आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह असतो. समतलतेच्या प्रश्नावर तर डुकरांच्या गुडघ्यांवरील प्रत्यक्ष मोजमापही उपलब्ध आहे: दंडगोल अर्धा मिलिमीटर वर राहिला तरी त्याच्यावरचा दाब लक्षणीय वाढतो, आणि किंचित आत गेला तर तेवढे नुकसान होत नाही. मॉडेलने याच्या उलट उत्तर दिले तर मॉडेल चुकले, असे समजावे.

भाच्याचा हिरमोड होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगतो. गुडघ्याचे मॉडेल करणाऱ्या पाच नामांकित गटांना एकाच गुडघ्याची तीच ती माहिती देऊन स्वतंत्रपणे मॉडेल करायला सांगितले गेले. बांधणीच्या टप्प्यावरच त्यांचे निर्णय जागोजागी वेगळे निघाले: कोणी अस्थिबंध तारेसारखे धरले, कोणी त्यांना जाडी दिली, कोणी कूर्चा ताठ मानली. आयुष्य यात घालवलेल्यांची ही गत असेल, तर एका विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रयत्नाला नावे ठेवण्याचे कारण नाही. वैद्यकीय उपकरणांच्या मॉडेलसाठी अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने २०१८ मध्ये जे मानक काढले, त्याचा गाभा असा आहे, की मॉडेलवर जेवढा मोठा निर्णय टेकवायचा, तेवढी त्याची पडताळणी कडक हवी. डॉक्टरांशी बोलताना एक मुद्दा समजावून घेण्यासाठी हे मॉडेल पुरेसे आहे. ऑपरेशन करावे की करू नये, हे ठरवण्याइतकी पडताळणी त्याची झालेली नाही.

तो निर्णय कशावर घ्यावा, असे आपण विचाराल. माणसांवर झालेल्या चाचण्यांवर. लिथुआनियातील काउनास येथे गुडास आणि सहकाऱ्यांनी ६० खेळाडूंना दोन गटांत विभागून एका गटावर मायक्रोफ्रॅक्चर आणि दुसऱ्यावर दंडगोल बसवण्याची शस्त्रक्रिया केली. सुरुवातीच्या निष्कर्षांत पूर्वीच्या पातळीवर खेळायला परतलेल्यांचे प्रमाण दंडगोलांच्या गटात ९३ टक्के आणि मायक्रोफ्रॅक्चरच्या गटात ५२ टक्के होते. दहा वर्षांनी अपयशाचे प्रमाण अनुक्रमे १४ आणि ३८ टक्के आढळले. नॉर्वेतील सोल्हाइम यांच्या गटाने ४० रुग्णांचा किमान पंधरा वर्षे पाठपुरावा केला, त्यातही मोझेकप्लास्टीचा गट सरस ठरला. गुडास यांच्या खेळाडूंचे सरासरी वय सुमारे २४ होते आणि आपण ३६ वर्षांचे आहात, हा फरक नजरेआड करू नये. आणखी एक निष्कर्ष आपल्या प्रश्नाला थेट भिडतो: बोस्टनमधील मिनास यांनी २००९ मध्ये दाखवले, की आधी हाडाला छिद्रे पाडण्याची शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यांत पुढे कूर्चापेशींचे रोपण केल्यास अपयशाचे प्रमाण २६ टक्के होते, तर तशी शस्त्रक्रिया न झालेल्यांत ८ टक्के. ‘आधी छोटे ऑपरेशन करून पाहू, नाही जमले तर मोठे करू’ हा विचार वरवर सुज्ञ वाटतो. पण छिद्रे पाडलेले हाड पूर्ववत होतेच असे नाही. ते कधी जाड होते, कधी त्यात पोकळ्या होतात. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांना, हाडाला आधीच सूज असताना मायक्रोफ्रॅक्चर का, हे आदराने पण स्पष्ट विचारावे. त्यांच्याकडे आपल्या गुडघ्यापुरते सबळ कारण असू शकते.

मॉडेलमध्ये नसलेल्या काही गोष्टींकडेही लक्ष वेधतो. पायाची ठेवण ही त्यांत पहिली. आपले दुखणे आतल्या बाजूला आहे आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असले, तर सगळा भार त्याच बाजूला जातो. तशा पायात कोणतीही दुरुस्ती फार काळ टिकत नाही आणि काही वेळा आधी किंवा सोबतच नडगीचे हाड सरळ करावे लागते. कमरेपासून घोट्यापर्यंतचा, उभे राहून काढलेला लांब एक्स-रे झाला आहे का, ते पाहा. पत्रात त्याचा उल्लेख नाही. दुसरी गोष्ट बसण्याची. वर सांगितलेले बर्लिनचे आकडे उभे राहण्याचे, चालण्याचे, जिन्याचे आणि खुर्चीवरून उठण्याचे आहेत. मांडी घालून जेवणे किंवा उकिडवे बसणे त्यांत नाही, आणि बहुतेक मॉडेल अशाच भारांवर चालवली जातात. गुडघा पूर्ण मुडपला की दाब मांडीच्या हाडाच्या मागच्या भागावर जातो, आणि वाटी अशा जागांवर टेकते जिथून एरवी ‘भार येत नाही’ म्हणून दंडगोल काढले जातात. प्रत्यक्ष मोजणीत त्या जागांवरही दाब आढळला आहे. शाळेच्या मैदानावर आणि घरी आपले बसणे कसे असते, कबड्डीत चढाई करता की पकड, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे, म्हणजे दंडगोल कुठून काढायचे याचा विचार त्यांना करता येईल. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर ती आजच सोडावी, हाड जुळण्यात ती आड येते. ड जीवनसत्त्वाची तपासणी रक्ताच्या इतर तपासण्यांबरोबर होऊन जाईल.

आईंची काळजी रास्त आहे. त्यांना चित्र न दाखवता एवढेच सांगावे, की हाड पहिले काही आठवडे खरोखरच नाजूक असते आणि म्हणूनच त्या काळात आपण पाय टेकवणार नाही. शाळेतून किती रजा मिळेल, घरी जिना आहे का, शौचालय पाश्चात्त्य पद्धतीचे आहे का, या गोष्टी आधी ठरवून ठेवाव्यात. दंडगोल पक्का बसेपर्यंत त्याचे बरेचसे भवितव्य त्यांवर अवलंबून आहे.

भाच्याकडून पुढच्या भेटीआधी चार गोष्टी करून घ्या: अखंड गुडघ्याचे चित्र, चालण्याच्या आणि जिन्याच्या भाराचे चित्र, तिन्ही भोके किती खोलीवर मिळतात त्याचे माप, आणि बळाचे आकडे कुठून घेतले याची एका ओळीची नोंद. रंगांची पट्टी सगळ्या चित्रांना एकच ठेवायला सांगा. हे सारे एका कागदावर मावते. ज्या डॉक्टरांनी मोझेकप्लास्टी सुचवली आहे त्यांच्यापुढे तो कागद ठेवा आणि विचारा, की माझ्या हाडाच्या या वक्रतेवर आपण किती लांबीचे दंडगोल, कोणत्या दिशेने बसवणार आहात.